बेनिडॉर्म तुला नीट सांगायचं राहिलं

दादा,

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. गल्लीत मंडप टाकला होता. भन्तेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. कुणी म्हणालं, मुकुंदवाडीत स्पॅनिश बोलणारा हा पहिला माणूस. कुणी म्हणालं, प्रभाकररावांनी वेरूळ जगाला दाखवलं. सगळं खरं होतं, आणि त्यात तू कुठंच नव्हतास. शेवटी माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले, ‘माझा दादा’ एवढंच म्हणाले आणि परत येऊन वहिनीशेजारी बसले. बायकांना वाटलं, रडू आवरेना. तसं नव्हतं. मला बेनिडॉर्मबद्दल बोलायचं होतं, आणि बेनिडॉर्म हे एका गावाचं नाव आहे, हेसुद्धा मंडपात कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणून तुलाच लिहितेय. तू हे वाचणार नाहीस. माणूस गेला की गेला, मागं काही भटकत राहत नाही, हे आई गेली तेव्हा तूच मला समजावलं होतंस. मी तेव्हा तुझ्यावर चिडले होते. आता वाटतं, निदान या एका बाबतीत तू चुकलेला असावास. पण तू अशा गोष्टींत चुकायचा नाहीस.

मी सातवीत होते तेव्हा तू हैदराबादहून स्पॅनिश शिकून आलास. बाबा रेल्वेत गँगमन. पोरगा कुठंतरी कारकून होईल एवढीच त्यांची अपेक्षा, आणि पोरगा म्हणतो लेणी दाखवणार. “इंग्रजीचे गाईड ढिगानं हायेत, स्पॅनिशचा एक बी नाय,” असं तू त्यांना सांगितलंस. मग रोज संध्याकाळी ओट्यावर तुझा सराव सुरू झाला. आईची बाजाराची पिशवी खांद्याला अडकवून मी ‘सेन्योरा’ व्हायचे. भिंतीच्या पोपड्यांकडे हात करून तू मला कैलास लेणं समजावून द्यायचास. मला एक अक्षर कळायचं नाही, तरी मी गंभीरपणे मान हलवायचे, कारण पाहुणे तशीच हलवतात असं तू म्हणाला होतास. समोरच्या घरातल्या बायका दारात उभ्या राहून हसायच्या. तू थांबायचा नाहीस. आयुष्यात कुणी माझ्याशी इतक्या अदबीनं बोललं नाही, दादा. लग्नानंतरही नाही, शाळेतही नाही.

कार्मेनबाई स्पेनहून वेरूळ बघायला आली तेव्हा मी गंगापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले होते. तिला मी कधी पाहिलं नाही, पण ती भेट तू इतक्यांदा सांगितलीस की मला दहा नंबरच्या लेण्यातली तिची बसायची जागाही ठाऊक आहे. डाव्या हाताचा तिसरा खांब. बाकीचे पाहुणे पुढं गेले आणि ती एकटीच बसून छताकडं बघत राहिली. दगडात कोरलेल्या त्या कमानी तिला उलट्या घातलेल्या होडीच्या फासळ्यांसारख्या दिसल्या. तिचा बाप मासेमारी करायचा, ती शाळेत शिकवायची. तू तिला घाई केली नाहीस. बाहेर बस हॉर्न वाजवत होती आणि तू तिच्या शेजारी बसून राहिलास. घरी गेल्यावर तिनं पहिलं पत्र लिहिलं ते त्याच कारणानं, की या देशात एका माणसानं तिला बसू दिलं.

पुढं वीसेक वर्षं पत्रं येत राहिली. मी माहेरी आले की रविवारी तू ती वाचायचास. आधी स्पॅनिश, मग मराठी. तिचं गाव बेनिडॉर्म, समुद्राच्या काठावर, तिथं दोन किनारे. एकाचं नाव उगवतीचा किनारा, दुसऱ्याचं मावळतीचा. दोहोंच्या मध्ये खडक समुद्रात घुसलेला, आणि त्यावर पांढऱ्या कठड्याचा सज्जा. पूर्वी तिथं किल्ला होता. सज्ज्याच्या पाठीमागं निळ्या घुमटाचं चर्च. समोर पाण्यात तिरक्या कापलेल्या पावासारखं एक बेट, आणि मागं एक डोंगर, त्याच्या माथ्याला सरळ खाच.

त्या खाचेची गोष्ट तू किती वेळा सांगितलीस. डोंगरात एक राक्षस राहायचा. त्याच्या बायकोला कुणीतरी सांगितलं होतं, आजचा सूर्य मावळला की तुझा जीव जाईल. राक्षसानं डोंगराच्या माथ्याचा एक तुकडा उडवला, म्हणजे तिथून सूर्य आणखी थोडा वेळ दिसत राहील. तो तुकडा समुद्रात पडला, तेच बेट. मी विचारलं होतं, “मग वाचली का ती?” तू म्हणालास, “नाय. पण थोडा वेळ मिळाला.”

आणि छत्र्यांचं पत्र. उन्हाळ्यात त्या गावातली म्हातारी माणसं पहाटे उठून पाण्याजवळच्या पहिल्या रांगेत आपली छत्री रोवून येतात आणि घरी जाऊन चहापाणी करतात. जागा धरलेली. मध्यवर्ती बसस्थानकावर आपण एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतो, अगदी तसंच. तू वाचता वाचता इतका हसलास की वहिनी भाकरी टाकून बाहेर आली.

तिनं तुला बोलावलं होतं. पहिल्यांदा तुझा व्हिसा नाकारला गेला. दुसऱ्यांदा सगळं जमलं आणि आईला अर्धांगाचा झटका आला. तू तिकीट रद्द करून आलास आणि आईच्या उशाशी बसलास. त्यावर तू एकदाही बोलला नाहीस, म्हणून मीही बोलले नाही. मग ते करोनाचं वर्ष आलं, सारं जग घरात बसलं, वेरूळला कुणी येईना. तू शेंद्र्याच्या एका कारखान्यात गेटवर वही घेऊन बसायला लागलास. येणाऱ्या ट्रकचे नंबर लिहायचे. तुला स्पॅनिश येतं, हे तिथल्या पोरांना कधी कळलं नाही. पुढं पायावर सूज आली, मूत्रपिंडं गेल्याचं निघालं आणि आठवड्यात तीन डायलिसिस सुरू झाले. पत्रं त्याच्या आधीच थांबली होती. तू म्हणायचास, म्हातारी झाली, हात चालत नसतील.

गेल्या वर्षी माझ्या सुमितला जर्मनीत मुलगी झाली आणि मी तीन महिन्यांची रजा काढून निघाले. निरोप घ्यायला मी डायलिसिसच्या खोलीत आले होते. तुझ्या हातात सुया, मशीन चालू, आणि तू उशीखालून एक कागद काढलास. “जर्मनीहून विमान हाय थेट. दोन दिवस जा. माझ्यासाठी बघून ये.” मी म्हणाले, तिथून व्हिडिओ कॉल लावते, तुझा तूच बघ. तू चिडलास. “मोबाईलवर काय बघायचंय? तू बघ. मग मला सांग. गाईड हो एकदा.” कागदावर तुझ्या सुबक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं: सज्जा, चर्च, बेट, डोंगराची खाच, दोन्ही किनारे, कार्मेनबाईचा पत्ता. मी तो पर्समध्ये ठेवला आणि तुला शब्द दिला.

नोव्हेंबरात आम्ही गेलो, मी आणि सुमित. विमानतळावरून बस निघाली आणि वळणावर गाव दिसलं. मला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आलो. चाळीस-चाळीस, पन्नास मजल्यांच्या इमारती, एकीला लागून एक. दोन मनोरे तर वर सोनेरी काचेनं एकमेकांना जोडलेले. खाली इंग्रजीत पाट्या, दुपारीच बिअर घेऊन बसलेले लालभडक इंग्रज, त्यात चार जण मधमाशांचे पोशाख घालून रस्ता ओलांडत होते. डोंगराची खाच होती, बेटही होतं. पण ते बघायला इमारतींच्या फटींत मान घालावी लागायची. सज्ज्यावर सेल्फीची गर्दी. मी कागद काढून एकेकावर खूण करत गेले. तीस वर्षं वह्या तपासलेली बाई मी. बरोबर, चूक, अर्धे गुण.

कार्मेनबाईचं घर जुन्या गल्लीत सापडलं. दार दुसऱ्याच कुणी उघडलं. शेजारची बाई बाहेर आली, सुमितनं मोबाईलवर भाषांतर करत तिच्याशी कसंबसं जमवलं. कार्मेनबाईला जाऊन तीन वर्षं झाली होती. झोपेतच गेली. घर भाचीनं विकलं.

परत आल्यावर चौथ्या दिवशी मी तुझ्याकडं आले. दुपार होती, तू डायलिसिस करून आलेला, चेहरा राखाडी. वहिनीनं तुला मोजून अर्धा कप चहा दिला आणि मला पूर्ण. तू उशी टेकून बसलास. “सांग. आधी कुठं गेलीस?”

आणि मी सांगायला लागले ते इमारतींपासून. ते गावच राहिलं नाही, दादा, नुसतं सिमेंट आहे, असं म्हणाले. दारू, गोंगाट, आपल्या सिडकोसारखे चौकोनी डबे, फक्त पन्नासपट उंच. मला वाटलं, तुझं काही फार हुकलं नाही, एवढं सांगितलं की तुला बरं वाटेल. खरं सांगते, मला तसंच वाटलं होतं. तू मध्येच थांबवलंस.

“कुंदे, बिल्डिंगा मी विचारल्या का तुला?”

“पण आहेत ना त्या.”

“हायेत. मला माहीत नाय व्हय? बेनिडॉर्म म्हटलं की माद्रिदचे पाहुणे हसायचे. वीस वर्षं त्यांना हसताना बघितलंय मी.”

मला धक्का बसला, आणि धक्क्यापेक्षा राग जास्त आला. सगळं माहीत होतं तर मला कशाला तिकडं पाठवलंस, असं मी म्हणाले. तू फार शांतपणे उत्तर दिलंस. म्हणालास, कैलास दाखवताना मी पाहुण्यांना बाहेरच्या टपऱ्या दाखवतो का?

इथं मी थांबायला हवं होतं. तू आजारी होतास, तुझ्या हाताला बँडेज होतं. पण आपण दोघं कधीच वेळेवर थांबलो नाही, लहानपणीही नाही. मी म्हणाले, तू दाखवत नाहीस म्हणून टपऱ्या नसतात का? त्या बाईनं वीस वर्षं तुला टपऱ्या वगळून गाव विकलं आणि तू ते घेऊन बसलास. तू म्हणालास, तिला भेटली असतीस तर कळलं असतं, तिच्याबद्दल वाईट बोलू नको. तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं.

“तुझी कार्मेनबाई मरून तीन वर्षं झाली.”

वहिनी दारात होती. तू माझ्याकडं पाहिलंस, रागानं नाही. वर्गात चुकीचं उत्तर देऊन मुलगा बसतो ना, तसा तू दिसलास. मग विचारलंस, “कशानं?” मी सांगितलं, झोपेत. तू म्हणालास, “बरं.” वहिनीकडं चादर मागितलीस, भिंतीकडं तोंड करून झोपलास. मी तासभर बसले. तुझा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता, हे मला कळत होतं.

त्यानंतर तू पाच आठवडे जगलास. दर रविवारी मी आले. आपण मिठाबद्दल बोललो, रक्ताच्या रिपोर्टबद्दल बोललो, सुमितच्या मुलीचे फोटो पाहिले. तू सगळ्यांची नीट उत्तरं दिलीस. एका रविवारी तू एवढंच म्हणालास, “तिथला समुद्र...” आणि पुढं बोलला नाहीस. मी विचारायला हवं होतं, समुद्राचं काय? मी म्हणाले, औषध घेतलंस का? हे मी का केलं, ते तू गेल्यापासून, आज दहा दिवस, मला कळत नाहीये.

मंगळवारी सकाळी डायलिसिसला जाताना, मुकुंदवाडीच्या चौकात, रिक्षातच तुझी मान वहिनीच्या खांद्यावर पडली. मी पाचवीच्या वर्गावर होते. फळ्यावर नद्यांची नावं लिहीत होते. फोन आला तेव्हा खडू हातात होता आणि जीपमध्ये बसेपर्यंत तो हातातच राहिला. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमकुवत झालं होतं, कधीही होऊ शकलं असतं. वहिनीही तेच म्हणते. मला दोष देणारं कुणीच नाही. तू असतास तर तूही दिला नसतास, आणि तेच सहन होत नाही.

दादा, एक गोष्ट मी तुला सांगितलीच नाही. भांडणात ती राहून गेली, मग मुद्दाम राखून ठेवली, की तू विचारशील तेव्हा सांगू. ती आता सांगते.

बेनिडॉर्मला आमच्या दुसऱ्या दिवशी गावाचा सण होता. आम्हाला ठाऊकही नव्हतं. मावळतीच्या किनाऱ्यावर माणसं जमली होती, आणि ती इंग्रज नव्हती. गावातली होती, जुनी. बायकांच्या अंगावर काळ्या शाली, लहान पोरं वाळूत बसलेली, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. समुद्रावर एक रिकामी होडी सोडलेली होती. सुमितनं मोबाईलवर वाचून मला सांगितलं, की फार पूर्वी इथं एक होडी वाहत आली, तिच्यात एकही माणूस नव्हता. लोकांना वाटलं, यात प्लेगची साथ आली असणार. म्हणून त्यांनी ती जाळली. राख गार झाल्यावर पोरं आणि बायका बघायला गेल्या, तर राखेत मेरीची मूर्ती, जशीच्या तशी. दरवर्षी ते सगळं पुन्हा करून दाखवतात.

होडी पेटली तेव्हा मी इमारतींकडं पाठ करून उभी होते, दादा. समोर नुसतं पाणी, जाळ आणि ते बेट. तुझ्या पत्रांतलं गाव तेवढा वेळ तिथं पूर्ण होतं. मी ते पाहिलं. शेजारी एक म्हातारी उभी होती, ऐंशीच्या पुढची. तिनं न विचारता माझा हात धरला आणि माझ्याशी बोलायला लागली, जणू मी तिच्याच गल्लीतली. बराच वेळ बोलली. मला एक अक्षर कळत नव्हतं, मी मान हलवत राहिले. तुझ्याकडं सेन्योरा होते तेव्हा हलवायचे तशीच. पण एक वाक्य ती परत परत म्हणत होती. मी ते तुझ्या कागदाच्या मागं देवनागरीत लिहून घेतलं, तुला विचारायला. सुमित म्हणाला, फोन लगेच अर्थ सांगेल. मी नको म्हटलं. मला ते दादाकडून ऐकायचंय, असं म्हणाले.

काल मंडप उठल्यावर शकीलभाई थांबले होते. तुझ्याबरोबर वेरूळला वीस वर्षं काढलेले, तुझ्याकडून थोडंफार स्पॅनिश उचललेले. त्यांना मी तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोनदा ओठ हलवून वाचलं. ‘नो से केमो, इखा.’

“‘इखा’ मतलब बेटी,” ते म्हणाले. “और ये बाकी का... जळलं नाही. जळलं नाही, बेटी. असंच होतंय ताई.”

मी कागद परत घेतला. शकीलभाईंनी विचारलं, कुणी म्हटलं हे? मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. मग ते गेले.

तुझ्या अस्थी गोळा करायला तिसऱ्या दिवशी मीच गेले होते. वहिनीला ते जमेना. राख अजून कोमट होती. मी दोन्ही हातांनी नीट, सगळीकडून चाळून पाहिली. सगळं जळलं होतं, दादा.